न भिजणारा प्रतिस्पर्धी

रेसिंग गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक शंका येते: हा पाऊस फक्त माझ्यावरच पडतोय का?

चित्र ओळखीचं आहे. चौथ्या-पाचव्या लॅपला आभाळ भरून येतं, स्क्रीनवर थेंब दिसायला लागतात. तुम्ही ब्रेक लवकर दाबता, वळणात गाडी जपून वळवता, तरी मागची चाकं सटकतात. आणि तेवढ्यात एआयची गाडी येते. तिला जणू कुणी पावसाचं सांगितलेलंच नसतं. ती तुमच्या शेजारून सरळ निघून जाते. रावेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये अशा वेळी एकच शब्द ऐकू येतो: ‘चीटिंग!’ कंट्रोलर माझ्या हातात असो, रूममेटच्या असो किंवा सुट्टीत आलेल्या त्याच्या अकरावीतल्या भावाच्या असो, शब्द बदलत नाही.

मला हा शब्द महत्त्वाचा वाटतो. हरल्यावर ‘फार अवघड आहे यार’ असंही म्हणता आलं असतं. पण ‘अवघड’ ही कौशल्याबद्दलची तक्रार आहे आणि ‘चीटिंग’ ही न्यायाबद्दलची. समोर माणूस नाही, हेतू नाही, लबाडी करून काही मिळवायचंही नाही. तरीही आपण त्या गाडीवर नैतिक आरोप करतो. हा आरोप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असं मला वाटतं. त्यात एक खरा प्रश्न आहे: स्पर्धा न्याय्य कधी म्हणायची? दोघांची ताकद सारखी असेल तेव्हा, की दोघांवर पाऊस सारखा पडत असेल तेव्हा?

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ.

अनेक रेसिंग गेममध्ये एआयची गाडी आपल्या अर्थाने ‘चालवली’ जात नाही. ट्रॅकवर एक अदृश्य रेघ आखलेली असते. त्या रेघेवरच्या प्रत्येक बिंदूला एक वेग ठरलेला असतो आणि गाडी तो वेग गाठत पुढे जाते. वीस गाड्या म्हणजे ऐंशी टायर. प्रत्येक टायरचं तापमान, दाब, घसरण क्षणाक्षणाला मोजायची तर प्रोसेसरवर भार फार पडतो. म्हणून खेळाडूच्या गाडीचं भौतिकशास्त्र सविस्तर ठेवायचं आणि इतरांचं सुटसुटीत, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. त्यामुळे पाऊस आला की तुमच्यासाठी सगळं जग बदलतं आणि एआयसाठी बऱ्याचदा एक गुणक बदलतो. समजा, ठरलेला वेग गुणिले ०.९. झाला पाऊस.

काठिण्याचंही तसंच. फॉर्म्युला वनच्या अलीकडच्या गेममध्ये एआयचं काठिण्य ० ते ११० अशा स्लायडरवर ठरवता येतं. स्लायडर पुढे नेला की प्रतिस्पर्धी जास्त शहाणे होतात असं आपल्याला वाटतं, पण मुख्यतः ते जास्त वेगवान होतात. म्हणजे पाऊस आणि काठिण्य, दोन्ही एआयच्या लेखी एकाच जातीचे आकडे. कोरड्यात तुम्हाला बरोबरीचा वाटणारा प्रतिस्पर्धी पावसात अचानक अमानुष का होतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. तुमचा वेग पावसाने कमी केला, त्याचा वेग आकड्याने कमी केला, आणि आकडा जरा कमी पडला.

आणखी एक गोष्ट आहे, दिसण्याची. खऱ्या शर्यतीत पुढच्या गाडीच्या टायरांनी उडवलेल्या पाण्याची भिंत ही पावसातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट असते. पिरेलीच्या सांगण्यानुसार फॉर्म्युला वनचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी बाजूला फेकतो. ते पाणी कुठे जातं? मागच्याच्या तोंडावर. २०२१ मध्ये बेल्जियममधल्या स्पाची शर्यत सुरक्षा-गाडीमागे दोन-तीन फेऱ्या मारून संपवावी लागली आणि अर्धेच गुण दिले गेले, त्याचं एक मोठं कारण हेच होतं: कुणाला काही दिसत नव्हतं. गेममध्ये ही भिंत फार सुंदर काढलेली असते. पण ती तुमच्या स्क्रीनवर असते. एआयला डोळे नाहीत. पुढची गाडी कुठे आहे हे त्याला मेमरीतल्या आकड्यांवरून कळतं. त्यामुळे तुमच्या काचेवर कितीही धुकं असलं, तरी त्याची काच स्वच्छ.

थोडक्यात, ‘चीटिंग’ हा आरोप पुष्कळदा शब्दशः खरा असतो. पाऊस फक्त तुमच्यावर पडत असतो.

हे कुणाच्या आळशीपणामुळे होतं असं नाही. पाऊस खरंच कठीण आहे. आयरेसिंग हा सिम्युलेटर २००८ मध्ये आला आणि त्यात पाऊस आला २०२४ मध्ये. मधली सोळा वर्षं त्या जगात ऊनच होतं. एक धागा आपल्या मुंबईपर्यंतही येतो. २०१० साली रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीत ५० टक्के हिस्सा घेतला आणि त्याच वर्षी कोडमास्टर्सचा ‘एफ-वन २०१०’ आला. शर्यतीच्या मध्येच येणारा पाऊस आणि गाड्या जिथून जातात तिथून आधी वाळत जाणारा ट्रॅक, हे त्याचं मोठं आकर्षण होतं.

ट्रॅक कुठून वाळतो हे इतकं महत्त्वाचं का? कारण पाऊस नुसता वेग कमी करत नाही, तो ज्ञान उलटं करतो. कोरड्या ट्रॅकवर ज्या रेघेवरून सगळे जातात तिथे टायरचं रबर बसत जातं आणि पकड वाढते. पाऊस पडला की तेच रबर साबणासारखं होतं. मग शहाणा ड्रायव्हर सवयीची रेघ सोडतो, बाहेरून जातो, जिथे एरवी कुणी फिरकत नाही तिथे पकड शोधतो. १९९३ च्या एप्रिलमध्ये डोनिंग्टनला आयर्टन सेना पहिल्याच फेरीत पाचव्यावरून पहिला आला, ती फेरी आजही लोक पुन्हा पुन्हा बघतात. ओल्या रस्त्याबद्दल इतरांच्या आधी त्याला काहीतरी कळलं होतं, हे त्या फेरीत दिसतं.

मुकाई चौकातून पुनावळे, ताथवडे करत हिंजवडीला बाइकने जाणाऱ्याला हे ज्ञान जूनच्या पहिल्या पावसात मिळतं. आठ महिने सांडलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं, कालपर्यंत ज्यांच्याकडे लक्षही जात नव्हतं त्या जागा आज टाळायच्या असतात. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ६’ मध्ये २०१५ साली डबकी आली, त्यातून गाडी गेली की टायर पाण्यावर तरंगायचा. पण ती डबकी दर शर्यतीत त्याच जागी असायची, त्यामुळे लोकांनी ती पाठ केली. आपल्या रस्त्यावरच्या डबक्याखाली कालचाच खड्डा आहे की त्याची आज विहीर झाली आहे, हे पाठ करता येत नाही.

आता नैतिक प्रश्नाकडे.

कुणी म्हणेल, गेम आहे तो, मजा यावी एवढंच त्याचं काम. आत काय चालतं याच्याशी काय घेणं? रेसिंग गेममधली ‘रबर बँड’ नावाची युक्ती याच तर्कावर उभी आहे. तुम्ही फार पुढे गेलात की मागच्या गाड्यांना गुपचूप वेग द्यायचा, फार मागे पडलात की पुढच्यांना गुपचूप हळू करायचं. शर्यत नेहमी चुरशीची राहते. मजा येते, हे खरं आहे. पण ज्या दिवशी ही युक्ती कळते त्या दिवशी आधीचे सगळे विजय थोडे फिके पडतात. का पडतात? आकडे तेच आहेत, आनंदही झालेला होता.

याचं उत्तर आपल्याकडच्या गल्लीत सापडतं. लपाछपीत, डबा ऐसपैसमध्ये एखादं चार-पाच वर्षांचं पोर हट्टाने खेळायला येतं. मग कुणीतरी मोठ्याने जाहीर करतं, ‘हा लिंबूटिंबू.’ म्हणजे तो खेळेल, पळेल, लपेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. ही सवलतच आहे, पण तिच्यात फसवणूक नाही. सगळ्यांना माहीत आहे, त्या पोरालाही माहीत आहे. आणि एक दिवस ते पोर पाय आपटून म्हणतं, ‘मी नाही लिंबूटिंबू!’ सवलत जाहीर होती म्हणूनच त्याला ती नाकारता आली. रबर बँड म्हणजे न सांगता केलेला लिंबूटिंबू. तो नाकारता येत नाही, कारण तो आहे हेच कळत नाही.

म्हणून सगळी मदत एका मापाने मोजता येत नाही. ‘मारिओ कार्ट’मध्ये मागे असलेल्याला जास्त ताकदीची हत्यारं मिळतात, ते उघड आहे, सगळे ते धरूनच डाव आखतात. ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस, वळणाआधी लाल होणारी रेघ, ही मदत तुम्ही स्वतः चालू करता, स्वतः बंद करता. फोर्झाच्या काही आवृत्त्यांत तर मदत बंद केली की जास्त क्रेडिट मिळायचे. या सगळ्यात जग खरं राहतं, फक्त तुमच्या हातात काठी दिली जाते. रबर बँडमध्ये तुमच्या हातात काही दिलं जात नाही. समोरच्याला नाटक करायला सांगितलं जातं. पहिलीला मी मदत म्हणेन. दुसरी मदत म्हणजे गोड खोटं आहे.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची एक व्याख्या मांडली. तिचा सारांश असा, की खेळणं म्हणजे गरज नसलेले अडथळे आपखुशीने अंगावर घेऊन ते ओलांडायचा प्रयत्न करणं. यात ‘आपखुशीने’ या शब्दाला सगळं वजन आहे. अडथळा खोटा निघाला तर ओलांडण्याला अर्थ राहत नाही. आणि अडथळा आपण निवडलेला नसेल, तर तो खेळच राहत नाही.

मग चांगला प्रतिस्पर्धी कोणता? सोनीच्या एआय विभागाने ‘ग्रॅन तुरिस्मो सोफी’ नावाचा एआय तयार केला. त्यावरचा निबंध २०२२ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आला. सोफीला तयार रेघ आणि तयार वेग दिलेला नव्हता. खेळाडूला जी गाडी, जे टायर, जे भौतिकशास्त्र, तेच तिलाही. ती हजारो तास चालवत, घसरत, भिंतीवर आदळत शिकली. सेकंदाला दहाच निर्णय घ्यायची मर्यादा तिच्यावर होती. दुसऱ्याला धडक दिली तर गुण कापले जात, म्हणजे तिला वेगाबरोबर रीतही शिकवावी लागली. २०२१ च्या जुलैत जगातल्या उत्तम खेळाडूंविरुद्ध ती सांघिक गुणांत हरली; ऑक्टोबरमध्ये जिंकली.

सोफी माणसाला भारी पडते. तरीही तिला कुणी ‘चीटिंग’ म्हणत असेल तर मला तो शब्द चुकीचा वाटेल. गुणकावर चालणारा एआय कदाचित तिच्यापेक्षा कितीतरी हळू असेल. पण तोच खरा खोटा आहे. फरक ताकदीचा नाही. फरक असा आहे की सोफी घसरू शकते. ज्या कारणाने मी हरतो त्याच कारणाने तीही हरू शकते. माझं एवढंच म्हणणं आहे: प्रतिस्पर्धी बरोबरीचा असायची गरज नाही, तो घसरू शकणारा असायला हवा. जो घसरूच शकत नाही तो प्रतिस्पर्धी नसतो, तो नुसता एक सरकता आकडा असतो.

इथे थांबता आलं असतं. पण ‘दोघांवर सारखा पाऊस’ एवढ्याने न्याय होतो का, हे रस्त्यावर उभं राहून बघितलं पाहिजे.

बेंगळुरू महामार्गाच्या सर्व्हिस रोडला जुलैत संध्याकाळी सात वाजता उभे राहा. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत असतो. पण एकाच्या गाडीत एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, सहा एअरबॅग आणि वायपर. दुसऱ्याच्या पाठीवर थर्मोकोलची पेटी आणि हँडलला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. २०१९ मध्ये १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा पुरेशी मानली गेली. सामान पोहोचवणारी मुलं बहुतेक त्या खालच्याच गाड्यांवर असतात. गेममध्ये मदत गरजेप्रमाणे मिळते: नवशिक्याला सगळी, तरबेज खेळाडूला कमी. रस्त्यावर मदत किमतीप्रमाणे मिळते. ज्याला चारच्या ऐवजी दोन चाकं आहेत, त्यालाच मदत कमी.

आणि स्लायडर? गेममध्ये तो माझ्या हातात असतो. आज दमलो असेन तर ९० वरून ७० वर आणतो, कुणाला विचारावं लागत नाही. रस्त्यावर तो स्लायडर म्हणजे स्क्रीनवरची वेळ: किती मिनिटांत पोहोचायचं. तो दुसऱ्याच्या हातात असतो.

मी या दुसऱ्यांपैकी आहे. माझं काम वेळेचे अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरचं: चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत सुटे भाग घेऊन जाणारा ट्रक किती वाजता पोहोचेल, हे आधी सांगायचं. अशा प्रणालीत पावसासाठी गुणक असतोच. कोरड्या दिवसाची वेळ गुणिले १.१५, किंवा १.२. मागच्या पावसाळ्यांची माहिती बघून, चर्चा करून तो ठरतो, आणि सरासरीत तो बराच बरोबरही येतो. पण सरासरी कधी खड्ड्यात जात नाही. खड्ड्यात एक विशिष्ट ट्रक जातो, एका विशिष्ट दिवशी, आणि मग त्याच्या नावापुढे लाल रंगात ‘उशीर’ येतं. तो आकडा मी वातानुकूलित खोलीत लिहिलेला असतो. मी न भिजणारा एआय आहे. फरक एवढाच की मी शर्यतीत नाही, मी घड्याळाच्या जागी आहे.

घड्याळाविरुद्ध पळणं आपल्या भागाला नवीन नाही. सांगली-कोल्हापूरकडे बैलगाड्या शेजारी-शेजारी पळतात. इकडे खेड, मावळ, जुन्नरच्या घाटात एका वेळी एकच गाडा पळतो आणि निकाल सेकंदांवर लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदा वैध ठरवला. या सगळ्या काळात वाद झाला तो मुख्यतः एका प्रश्नावर: जो पळतो त्याला त्रास किती? घड्याळ अचूक आहे का, असं कुणी विचारलं नाही. ते अचूक असतंच. स्पर्धेचा न्याय घड्याळाच्या अचूकपणात नसतो, पळणाऱ्यावर काय येतं त्यात असतो, हे त्या वादाने आपोआप मान्य केलं.

मग काय करायचं? आकडा लिहिणाऱ्या प्रत्येकाला पावसात उभं करायचं? ते भावनेला बरं वाटतं, पण त्याने काही सुटत नाही. मी एक दिवस ट्रकमध्ये बसून आलो तरी संध्याकाळी घरी येऊन अंग पुसणार आहे. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये सुचवलेला विचारप्रयोग इथे जास्त कामाचा आहे: आपण समाजात कुठल्या जागी असू हे माहीत नसताना नियम ठरवायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर, शर्यतीत आपल्या वाट्याला कुठली गाडी येणार हे कळायच्या आधी पावसाचा गुणक ठरवायचा. एबीएसवाली कार मिळेल की ११० सीसीची स्कूटर, हे माहीत नसताना १.१५ लिहायला हात धजावेल का?

माझा धजावणार नाही. पण मी १.१५ चा १.५ केला तरी प्रश्न संपत नाही. तो आकडाही आकडाच. कितीही दयाळू गुणक पाऊस होऊ शकत नाही, कारण पाऊस जागोजागी वेगळा असतो आणि गुणक सगळीकडे सारखा. म्हणून आकड्याच्या दयाळूपणापेक्षा मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, आणि दोन्ही खेळातूनच शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, लिंबूटिंबूचा नियम: जे काही कमी-जास्त केलं आहे ते जाहीर हवं. पावसासाठी किती वेळ धरला आहे, हे गाडी चालवणाऱ्याला दिसलं पाहिजे. दिसलं तरच तो म्हणू शकेल, ‘हा आकडा खोटा आहे.’

दुसरी, स्लायडरचा नियम: काठिण्य खाली आणायचा अधिकार ज्याची चाकं रस्त्यावर आहेत त्याच्याकडे हवा, आणि तो वापरल्याची शिक्षा नको. ‘इथे पाणी आहे, मी हळू चाललो आहे’ असं बटण दाबता यावं आणि त्यापुढे लाल रंग उमटू नये. यात लबाडीला वाव आहे, हे मला मान्य आहे. कुणीतरी कोरड्या रस्त्यावरही ते बटण दाबेल. पण आजच्या व्यवस्थेतही लबाडी आहेच. फक्त ती आकड्याच्या बाजूने आहे आणि तिला आपण अंदाज म्हणतो.

हे बटण अजून आमच्या प्रणालीत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या कामांची यादी बनते आहे, तिच्यात मी ते लिहिलं आहे. ‘यातून फायदा काय’ या रकान्यात काय लिहावं, याचा विचार करतो आहे. बहुधा एवढंच लिहीन: आपला आकडा घसरू शकला पाहिजे.